छातीचा फोटो, पळसटोला

महामारीपुढे राव आणि रंक सारखेच असतात. हे वाक्य माझे नाही. नागपूरच्या ज्या साप्ताहिकासाठी मी तेव्हा फोटो काढत असे आणि त्याखालचा मजकूरही लिहीत असे, त्याच्या संपादकांचे ते आहे. अग्रलेखाच्या सुरुवातीला ते शोभून दिसले. ते लिहून झाल्यावर संपादकांनी खिडकी लावून घेतली, कापराची पुरचुंडी नाकाशी धरली आणि मला चांदा जिल्ह्यात पाठवायचे ठरवले.

"आकडे नकोत," ते पुरचुंडीआडून म्हणाले. "आकडे सरकार देतेच. मला महामारीचा चेहरा हवा."

ते वर्ष फ्लूचे होते. परदेशातून बोटीने आलेला हा ताप उन्हाळ्यात बंदरांवर उतरला आणि पावसाळा लागेपर्यंत रेल्वेने आमच्यापर्यंत पोचला. आम्ही नागपूरकर नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. राजधानी गेली आणि तिच्या बदल्यात मुंबईहून पहिली भेट ही आली, असे आमच्याकडे लोक म्हणत. म्हणताना हसत आणि हसताना खोकला आला की एकदम गप्प होत.

छोट्या रुळांवरच्या गाडीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे एवढेच आहे, की डब्यात एक गृहस्थ शिंकले आणि पुढच्या स्टेशनपर्यंत त्यांना आडवे होऊन झोपता येईल इतकी जागा मिळाली. माझ्याही घशात खवखवत होते. मी खोकला गिळला. त्या प्रवासात जेवणाखालोखाल मी काही गिळले असेल तर ते हेच.

चांदा

चांद्याला गोंड राजांचा कोट अजून गावाभोवती कमरपट्ट्यासारखा आहे. शत्रूसाठी बांधलेल्या वेशीतून मी आत शिरलो, तेव्हा कोणी हटकले नाही. एक म्हातारी मात्र माझी पिशवी आणि धूळ बघून पदर नाकाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मी पुढे निघून जाईपर्यंत तशीच राहिली. नागपूरचा माणूस म्हणजे ताप, हे तिचे गणित चुकीचे नव्हते.

एका सरकारी कचेरीत पत्रकारांना माहिती देण्याचा समारंभ होता. पत्रकार मी एकटाच. तरी साहेब उभे राहून बोलले. मागे जिल्ह्याचा मोठा नकाशा, त्यावर लाल टाचण्या. "साथ पूर्णपणे आटोक्यात आहे," साहेब म्हणाले, आणि शिंकले. खोलीतली सगळी माणसे अर्धा हात मागे सरकली, एकाचा खांदा नकाशाला लागला आणि एक टाचणी खाली पडली. ती कोणत्या गावची हे कोणालाच सांगता येईना. शेवटी शिपायाने ती उचलून जिथे जागा रिकामी दिसली तिथे लावली. साहेबांचा नकाशासह फोटो मी काढला. आमच्या अंकात सगळ्यांत मोठा छापला गेला तो तोच.

खाणावळीत गेलो तर मालक आत पांघरूण घेऊन पडलेला आणि बाई एकट्या चुलीशी. "वरण-भातच हाय जी," त्या म्हणाल्या. "पोळ्या लाटणारी गेली."

"गावी गेली?"

"नाई. गेली."

मी वरण-भात खाल्ला. चांगला होता. पण ताटावरून नजर उचलली नाही, कारण उचलली असती तर भिंतीशी उभे करून ठेवलेले पोळपाट दिसले असते.

मूल

इथपर्यंत मला एक गोष्ट कळून चुकली होती. देवीच्या रोगाचा फोटो निघतो, पटकीचाही निघतो. फ्लूचा निघत नाही. पांघरुणाखाली माणूस असतो आणि फोटोत पांघरूण येते. मूल या गावी भाताच्या गिरण्या बंद होत्या. बंद गिरणीचा फोटो रविवारच्या गिरणीसारखाच दिसतो.

तिथे करीमभाई भेटले. मनियार, म्हणजे बांगड्या भरणारे. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, तोंडाचा पट्टा अखंड सुरू. श्रावण हा त्यांच्या धंद्याचा महिना. बाजार बंद पडले म्हणून ते स्वतःच्या रेंगीने, म्हणजे इकडच्या छोट्या बैलगाडीने, गावोगाव निघाले होते. मला सोबत घ्यायला ते एका अटीवर तयार झाले: मी त्यांच्या वाऱ्याला बसायचे नाही.

"तुमच्याच जिवासाठी सांगून राह्यलो भाऊ," ते म्हणाले. "मले काल थोडी कणकण होती."

"मग निघालात काऊन?" त्यांचाच शब्द उचलून मी विचारले.

"घरी बसून काय करू? साथीत बांगड्या फुटते भाऊ, भरत कोणी नाई. धंदा उलटा चालू हाय." हे ते हसत म्हणाले. मग बांगड्यांच्या पेटीची दोरी पुन्हा आवळून त्यांनी बैल हाकलले.

वैनगंगा मोठ्या नावेने ओलांडली. गडचिरोली मागे टाकून कठाणी नदी पार केली, तेव्हा तिला बैलांच्या पोटापर्यंत पाणी होते. पलीकडे आरमोरीच्या वाटेने रान सुरू झाले. आमच्या नागपूरकडे पावसाळ्यातले शेत म्हणजे कपाशीची आणि ज्वारीची काळी जमीन. इथे बांधाबांधांनी आखलेल्या भाताच्या बांध्या, आरशासारख्या. रोवणीचे दिवस होते. एका बांधीत हिरवी रोपे ओळीने रोवत आणली होती आणि मधेच, बांधापासून आठ-दहा पावलांवर, ओळ थांबली होती. पुढे नुसते पाणी. रोपांच्या न सोडलेल्या जुड्या तिथेच पिवळ्या पडत होत्या. जणू सगळ्या बायांना एकाच वेळी कोणी हाक मारली होती. मी उतरून फोटो काढला.

"इथी काय हाय?" करीमभाईंनी विचारले.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग चला न बाप्पा लवकर."

पळसटोला

पळसटोला पंचवीस-तीस घरांचे गाव. आम्ही पोचलो तेव्हा कुत्रीसुद्धा अंगावर आली नाहीत. एका घरातून खोकला सुरू होई, तो थांबला की दुसऱ्या घरातून, मग तिसऱ्या. करीमभाईंनी सवयीने "बांगड्याऽऽ" अशी आरोळी दिली आणि स्वतःच दचकून आवाज खाली घेतला.

एका ओसरीवरून अंगावर घोंगडी घेतलेला एक उंच, वाळका माणूस उतरून आला. त्याचे नाव डोमाजी. माझ्या गळ्यातल्या कातडी पेटीकडे बघून त्याने विचारले, "हे कोण जी?"

मला वजन यावे म्हणून करीमभाई म्हणाले, "नागपूरचे फोटोवाले साहेब हायत. खास तुमच्या बिमारीसाठी आले."

डोमाजीने घोंगडी सावरून मला हात जोडले. इतक्या भक्तिभावाने माझे स्वागत यापूर्वी कुठेही झाले नव्हते. खरे तर मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्याने आम्हाला ओसरीवर बसवले. भात, लाखोळीची डाळ आणि रानातल्या बांबूच्या कोंबांची भाजी वाढली. तिला इकडे वास्ते म्हणतात, आणि ती एकदा खाल्ली की नागपूरची वांगी सपक लागतात. जेवताना समोर भिंतीवर काहीतरी काळे, चकचकीत टांगलेले दिसले. जवळ जाऊन पाहिले तर माणसाच्या फासळ्या. डोमाजी तरुणपणी कोळशाच्या खाणीत होता. छाती बिघडली तेव्हा त्याला नागपूरला पाठवून क्ष-किरणांनी तपासले होते, आणि ती फिल्म त्याने घरी आणून देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावली होती. पाहुण्याला ती उजेडात धरून दाखवायचा त्याचा रिवाज होता. स्वतःच्या फासळ्या भिंतीवर लावणारा गृहस्थ मी तरी हा एकच पाहिला.

"हे पाहा जी, पांढरं दिसते तिथी रोग," तो बोट फिरवत म्हणाला. "काळं दिसते तिथी चोख. मी वाचलो."

हात धुऊन बाहेर आलो तर अंगणात गाव जमले होते. चालता येणारे सगळे. पुरुष उघड्या अंगाने, कडेवरची पोरेही उघडी, बाया पदर आवळून मागे. माणसे ओळीने उभी होती. मला मनातून आनंद झाला, हे लपवत नाही. संपादकांना हवे होते ते चेहरे आपणहून समोर आले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. डोमाजी ओळीच्या कडेने पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "श्वास घ्या! धरा! हलू नोका!" सगळ्यांनी छाती फुगवून श्वास रोखला. मी खटका दाबला. "सोडा!" आणि सोडल्याबरोबर सगळे गाव खोकत सुटले.

असे चार-पाच फोटो झाले. मग पहिल्या ओळीतला एक म्हातारा पुढे आला. "सांगा न जी, कसा हाय?"

"काय कसे?"

"माही छाती."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. फोटो काढणे हा शब्द या गावाने एकदाच ऐकला होता, आणि तो फासळ्यांचा.

मी समजावून सांगितले. हे ते यंत्र नव्हे. याने आतले दिसत नाही. हा नुसता चेहऱ्याचा फोटो आहे. लोकांनी डोमाजीकडे पाहिले. डोमाजीने समजूतदारपणे मान हलवली. "चेहरा तर दिसूनच राह्यला जी," तो म्हणाला. "त्याचा फोटो कायले?"

करीमभाई तोंडावर फडके धरून वळले. ते हसत होते की खोकत होते, कळले नाही. हा प्रश्न मी पुढे संपादकांना विचारला, तेव्हा त्यांनी पुरचुंडी नाकाशी धरली.

लोक पांगले, पण एक तरुण उभाच राहिला. लटारू त्याचे नाव. त्याची बायको जना चार दिवस तापात होती आणि पोटुशी होती. कठाणीपलीकडे गडचिरोलीला एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. तिथे तिला न्यावे असे लटारूला वाटत होते. पण दुपारपासून रानात वर कुठेतरी पाऊस कोसळत होता आणि आम्ही गाडीने ओलांडली ती नदी आता बैलाच्या काय, हत्तीच्याही कामाची राहिली नव्हती.

"गरवार बाईनं पुराची नदी ओलांडू नाई," लटारूची आई दारातून म्हणाली. बुढी लहानखुरी होती, पण दार तिने पूर्ण अडवले होते. "नदी दोनातलं एक ठेवून घेते. माहा नातू मी नदीले नाई देत."

"अन् घरीच गेली तं?" लटारू ओरडला. "मंग दोनी गेले ना वो माय!"

"तोंड सांभाळ, पोट्ट्या!"

हा वाद दुपारपासूनच चालला होता, असे कळले. तो मिटवायचा मार्ग डोमाजीने काढला आणि सगळ्यांना पटला. नागपूरच्या माणसाने जनाच्या छातीचा फोटो काढावा. काळे दिसले तर जना घरीच राहील, काढा पिईल. पांढरे दिसले तर नदी. बुढीनेही मान्य केले. "फोटो म्हनल तसं," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

मी नाही म्हणालो. पुन्हा म्हणालो. तो माझा विनय आहे असे ते समजले. करीमभाईंनी मला बाजूला घेतले. "भाऊ, तुमी काई मना, आता ते तुमच्या तोंडाकडेच पाहून राह्यले."

आत चुलीच्या धगीशी जना गोधडीवर टेकून बसली होती. आडवे पडवत नव्हते तिला. वीस वर्षांची असेल. ओठांचा रंग जांभळाच्या डागासारखा. तिने माझ्याकडे पाहिले, मग कॅमेऱ्याकडे, आणि पदर छातीवर नीट केला. या सगळ्यात एवढी एकच गोष्ट तिच्या हातात राहिली होती. मी कॅमेरा उचलला. तेवढ्या अंधारात काही उमटणार नव्हते, ते मला ठाऊक होते.

"श्वास घे बाई," डोमाजी हलकेच म्हणाला. "धर."

तिला श्वास धरता येईना. तिने तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी अर्ध्यावरच तो तुटून जाई आणि नाकपुड्या पाखराच्या पंखांसारख्या उडत. तिच्या डोळ्यांत पाणी आले, दुखण्याचे नव्हे, सांगितलेले करता येत नसल्याचे. चौथ्यांदा डोमाजीने तिला सांगितले नाही. मी खटका दाबला.

मला डॉक्टरकी येत नाही. पूर मी अजून पाहिला नव्हता, तरी त्यात कोणाला घालण्याची मला भीती वाटत होती. या खोलीत तिला ठेवण्याचीही तितकीच वाटत होती. बुढी, लटारू, डोमाजी, तिघे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"पांढरे दिसते," मी म्हणालो.

बुढीने डोळे मिटले. मग उठून ती पातळ खोचू लागली. "मी बी येतो संग," ती म्हणाली. "नदीचं अन् माहं पाहून घेतो."

कठाणी

नाव चालवणारे ढिवर तापात पडले होते. उरला होता एक म्हातारा, त्याचे दोन्ही मुलगे घरात कण्हत होते. त्याने दोन डोंगे एकमेकांना बांधले. लाकूड कोरून केलेले हे डोंगे तळ्यात छान दिसतात. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. मी त्याच्याकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला, "ताप नाई जी. पाण्यानं काकडून राह्यलो." पाण्यात तो अजून उतरला नव्हता.

पाणी तांबडे होते आणि आवाज करत नव्हते. मला वाटले होते पूर गर्जतो. हा नुसता सरकत होता, जाड अंगाचे जनावर सरकावे तसा. बुढी म्हणाली, नदीची ओटी भरल्याशिवाय पाय टाकायचा नाही. तांदूळ होते, हिरव्या बांगड्या नव्हत्या. करीमभाईंनी पेटी उघडून चार काढल्या. मग जरा थबकले. "माह्या चालतील का, बाई?"

"नदी काय दुकान पायते?" डोंगेवाला म्हणाला. "टाका लवकर."

करीमभाई बैलांपाशी काठावरच थांबले. पांढरे मीच सांगितले होते, म्हणून मीही चढलो; डोंगेवाल्यासह आम्ही पाच जण बसलो. जनाला लटारूने मागून धरले होते, तिचे डोके बुढीच्या खांद्यावर. मध्यावर आलो तेव्हा वरून एक अख्खे झाड मुळांसकट आले. म्हाताऱ्याने बांबू टाकला, डोंगे आडवे झाले, एका बाजूने पाणी आत आले आणि थंडगार माझ्या मांडीपर्यंत चढले. बुढी देवाचे नाव घेत नव्हती. ती नदीला शिव्या देत होती, एकामागून एक, माहेरच्या भांडणात देतात तशा. झाडाची एक फांदी डोंग्याच्या टोकाला घासली, क्षणभर तिने आम्हाला ओढत नेले, आणि मग सोडले.

अशा वेळी छायाचित्रकार फोटो काढतो, असे लोकांना वाटते. मी दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरली होती.

पलीकडे चिखलात उतरलो तेव्हा जना अजून तुटक श्वास घेत होती. घेत होती, एवढे मी पाहिले.

दवाखाना

दवाखान्याच्या व्हरांड्यात चटयांवर माणसे पडली होती. आत एक खाट होती आणि तिच्यावर डॉक्टर स्वतः पडले होते, कपाळावर ओली घडी. "जवळ आणा," ते म्हणाले. "मला उठवत नाही." पडल्या पडल्याच त्यांनी जनाची नखे पाहिली, पाठीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकले.

"फोटो काढला जी," लटारूने सांगितले. "पांढरं आलं."

डॉक्टरांनी डोळे उघडून माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला. मग मला पाहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

तिला उशांना टेकवून बसवून ठेवले. पाण्याच्या वाफा, तापाच्या गोळ्या, चमच्याने भाताची पेज. बुढी तिच्या पायथ्याशी बसून राहिली. माझ्याकडे नुसती बघे, आणि त्या नजरेत हिशेब स्पष्ट होता: काही झाले तर हा इथेच आहे. मलाही तसेच वाटत होते. पूर ओसरेपर्यंत परतीची वाट नव्हती, पण असती तरी मी निघालो नसतो. व्हरांड्यात दर थोड्या वेळाने एखाद्या चटईवरचा खोकला बंद होई, आणि आम्ही सगळे त्या बाजूला बघत असू, कारण बंद होण्याचे अर्थ दोन होते.

एका सकाळी मी तोंड धुऊन आलो तर आतून भांडण ऐकू आले. जना लटारूला विचारत होती, बैलाले चारा कोण टाकून राह्यलं. लटारूला ते आठवत नव्हते. "म्हंजी दोन्ही बैल उपाशी?" तिचा आवाज फाटका होता, पण वाक्य एका श्वासात पुरे झाले होते. बुढीचा तळवा तिच्या पोटावर होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि सरकून मला बसायला जागा केली.

"लाथ मारून राह्यला," ती म्हणाली.

तोपर्यंत डॉक्टरही उठून बसले होते. मी जरा छाती काढूनच त्यांच्याकडे गेलो. खोटे बोललो होतो, पण त्याने एक जीव, कदाचित दोन, नदीपार आले होते. बातमीसाठी म्हणून मी विचारले, तिला इंजेक्शन कोणते दिले?

"इंजेक्शन?" डॉक्टर म्हणाले. "पेनिसिलिन महिनाभर नाही. वाफ आणि पेज दिली. ते घरीही झाले असते."

"मग पेनिसिलिन येणार कधी?"

"आले आहे. आरमोरीच्या बाजूने पेटी निघाली, आणि पूर आला म्हणून माणसाने ती नदीच्या त्या काठावर एका गावी उतरवून ठेवली आहे. त्या गावात एक कंपाउंडर राहतो. त्याला टोचता येते."

मी गावाचे नाव विचारले. ते पळसटोल्यापासून अर्ध्या कोसावर होते, आणि मधे नदी नव्हती.